निवाऱ्यातलं रजिस्टर

बेघर निवाऱ्यात आम्ही घरचे चौघं जायचो असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे जेवण वाटायला?" वाटायचोही. पण वाढणं हे तिथलं सगळ्यांत सोपं काम, आणि त्याला माणसं मिळतात. पितृपक्षात तर इतकी मिळायची की व्यवस्थापक काकांना वार वाटून द्यावे लागायचे. मी आठवीत असल्यापासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत तिथे जे केलं ते बहुतेक लिहिण्याचं काम होतं. रजिस्टर, अर्ज, मनीऑर्डरचे फॉर्म, गावी पाठवायची पत्रं.

हे काम आमच्याकडे आलं ते बाबांमुळे. ते पोस्टात काउंटरवर होते. निवारा महापालिकेचा, चालवायला एका संस्थेकडे दिलेला. त्या संस्थेचे व्यवस्थापक काका महिन्याच्या सुरुवातीला पाच-सहा जणांचे पैसे घेऊन मनीऑर्डरी करायला यायचे. कुणाच्या गावाचा तालुका माहीत नाही, कुणाच्या बायकोचं नाव कागदावर एक आणि घरी दुसरं. मागे रांग खोळंबायची. शेवटी बाबा म्हणाले, "रविवारी मीच येतो तुमच्याकडे. माणूस समोर असला की बरं पडतं." ते गेले. पुढच्या रविवारी आई गेली, कारण तिथे बायकाही राहतात यावर तिचा विश्वास बसेना. मग मला नेलं, आणि मला नेलं म्हणून धाकट्या भावाने भोकाड पसरलं. समाजसेवा करू या असं ठरवून आम्ही गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकते.

जागा म्हणजे पट कमी झाल्यामुळे बंद पडलेली महापालिकेची शाळा, स्टेशनपासून चालत जाता येईल इतकी जवळ. वर्गांच्या भिंतींवर पाढे आणि बाराखडी तशीच होती. व्हरांड्यात गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली होती, त्यात 'बेघरांना आसरा' ही ओळ. निवारा व्हायच्या कितीतरी आधीपासून ती तिथे असणार. तिथल्या एका आजींनी गाडगे महाराजांच्या दादरच्या धर्मशाळेत, नवऱ्याचे टाटा हॉस्पिटलात उपचार चालू असताना, बरेच दिवस काढले होते. त्या आमच्या निवाऱ्याची तुलना सतत त्या धर्मशाळेशी करायच्या आणि निवारा दर वेळी हरायचा. पाणी कमी, बाथरूमची कडी मोडकी, डाळ पातळ. काका निमूट ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी कडी बसलेली असायची.

काकांच्या टेबलाच्या काचेखाली नियमांचा एक छापील कागद होता. काम नसलं की मी तो वाचायची. हे निवारे कुणाच्या दयेवर चालत नाहीत, हे मला त्या कागदावरून कळलं. २००९-१० च्या हिवाळ्यात दिल्लीत रस्त्यावर माणसं थंडीने दगावली, त्याच सुमारास तिथला एक तात्पुरता निवाराही पाडला गेला. सुप्रीम कोर्टात अन्नाच्या हक्काचा जो खटला २००१ पासून चालू होता, त्यातच मग हा प्रश्न आला आणि कोर्टाने मोठ्या शहरांना निवारे उभारायला लावले. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय, तीही फक्त हिवाळ्यात नाही, बारा महिने आणि दिवसरात्र. पुढे २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि त्यात या निवाऱ्यांसाठी मापं ठरली. माणशी ५० चौरस फूट जागा. मी आणि भावाने आईच्या शिवणाच्या टेपने एक वर्ग मोजला. जेमतेम दहा जणांचा निघाला. पावसाळ्यात त्यात पंधरा गाद्या पडायच्या. भावाने हे काकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "मग आज रात्री कोणत्या पाच जणांना बाहेर झोपवायचं ते तूच सांग." तो गप्प झाला. मला तो प्रश्न अन्यायाचा वाटला आणि अजूनही वाटतो. नियम मोजणाऱ्या पोराला नाही, नियम करून जागा न देणाऱ्याला विचारायचा प्रश्न होता तो.

रजिस्टरवर बसायचं काम मला नववीत मिळालं, माझं अक्षर बाबांपेक्षा बरं म्हणून. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात माणसं यायची. नाव, वय, मूळ गाव, काम, आजार, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता किंवा फोन, बरोबरचं सामान, सही किंवा अंगठा. दिसायला सोपं. पण बाबांनी बसवण्याआधी बजावलं होतं, "वरून खाली विचारत जायचं नाही. आधी पाणी दे. मग काम विचार. गाव शेवटी." त्यामागचं कारण दोन-तीन संध्याकाळींतच दिसलं. कामाबद्दल माणूस मोकळेपणाने बोलतो. हमाल आहे, नाक्यावर बिगारी आहे, भंगार वेचतो, लग्नात वाढायला जातो. गावाचं नाव काढलं की काहींचा चेहरा बंद व्हायचा. कुणी भावाशी जमिनीवरून भांडून निघालेला, कुणी कर्ज मागे ठेवून आलेला, कुणाला घरच्यांनीच स्टेशनवर सोडलेलं. नातेवाइकाच्या रकान्यात निम्म्या लोकांपुढे मी आडवी रेघ मारायची.

नावं बदलायचीही. एक मामा सोमवारी एक आडनाव सांगायचे आणि गुरुवारी दुसरं. मी काकांना विचारलं, खरं कोणतं लिहू? "ते जे सांगतील ते लिहायचं. आपण पोलीस नाही," ते म्हणाले. बाबांना मात्र हे पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, नाव एकच राहिलं पाहिजे, नाहीतर उद्या पैसे कुणाच्या नावावर येणार? दोघांचा यावर कायम वाद चालायचा आणि दोघंही बरोबर होते. शेवटी बाबांनी एक वेगळी वही केली. तिच्यात ज्यांना स्वतःहून एक नाव पक्कं करायचं असेल त्यांचीच नोंद. ती वही हळूहळू भरत गेली.

आजाराच्या रकान्यात बहुतेक जण 'काही नाही' सांगायचे आणि रात्रभर खोकायचे. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते सहा महिने सलग घ्यावं लागतं. हंगामाप्रमाणे शहर बदलणाऱ्या माणसाला सहा महिने एका जागी थांबवून ठेवणं हे काकांचं निम्मं काम होतं.

आई बायकांच्या बाजूला असायची. तिथे दोनच खोल्या होत्या. सुरुवातीला मला एक गोष्ट कळायची नाही. नवी आलेली बाई पहिले काही दिवस नुसती झोपूनच काढायची. जेवायला उठवलं तरी चिडायची. मी घरी येऊन म्हटलं, "किती आळशी आहेत." आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी तिने मला अशाच एका मावशींशेजारी बसवलं आणि स्वतः निघून गेली. मावशींनी सांगितलं की रस्त्यावर त्या रात्री झोपतच नव्हत्या. रात्री चालत राहायचं, उजेडात बसायचं, आणि दिवसा देवळाच्या ओट्यावर किंवा दवाखान्याच्या बाकड्यावर डुलक्या काढायच्या. झोप लागली की कुणीतरी अंगाला हात लावतोच, असं त्या अगदी सहज म्हणाल्या, भाजी महाग झाली असं सांगावं तशा. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. निवारा दिवसाही उघडा ठेवायचा हा नियम कागदावरून उतरून माझ्या डोक्यात बसला तो त्या दुपारी.

खरुजेच्या मोहिमेची आठवण तर आमच्या घरात अजून निघते. एकाला झाली की आठवड्यात वर्गभर पसरते, आणि ज्याला झाली त्याच्यापुरतं औषध देऊन काही होत नाही. एक सुटला तरी किडा पुन्हा फिरतो. म्हणून सगळ्यांना एकाच रात्री परमेथ्रिनचं मलम लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ, आणि आठवड्याने सगळं परत. हे डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. करताना दोन रविवार गेले.

पहिली अडचण, सगळे एका रात्री हजर पाहिजेत. लग्नात वाढायला जाणारे मध्यरात्री येणार, हमाल पहाटे चारला जाणार. मी रजिस्टरवरून यादी केली आणि कोण किती वाजता येतो ते नावापुढे लिहिलं. दुसरी अडचण कपड्यांची. अंगावरचे आणि अंथरुणाचे सगळे कपडे गरम पाण्यात धुवायचे, पण बहुतेकांकडे अंगावरचा तेवढाच जोड. मग आईने सोसायटीत फिरून लुंग्या, गाऊन, जुन्या साड्या गोळा केल्या. त्या रात्री दाढीवाले हमाल फुलाफुलांचे गाऊन घालून व्हरांड्यात बसले होते आणि एकमेकांना वहिनी म्हणत होते. जे धुता येत नाही, म्हणजे चपला, पट्टे, कापडी पिशव्या, ते प्लास्टिकच्या पोत्यात गच्च बांधून आठवडाभर बाजूला. माणसाच्या अंगाशिवाय तो किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, पण डॉक्टर म्हणाले घाई नको. इथेच सगळ्यांत मोठं भांडण झालं. पिशवी सोडायला कुणी तयार होईना. तिच्यात काय होतं? एक फोटो, दवाखान्याची फाटकी चिठ्ठी, बंद पडलेला मोबाइल, काडेपेटी. रस्त्यावर झोपणारा माणूस ती डोक्याखाली घेऊन झोपतो, आणि आम्ही म्हणत होतो आठवडाभर दे. शेवटी भावाने प्रत्येक पोत्याला नंबर लावला आणि त्याच नंबरची चिठ्ठी मालकाच्या हातात दिली, स्टेशनच्या क्लोक रूमसारखी. मग दिली सगळ्यांनी. बारा वर्षांच्या पोराच्या हस्ताक्षरातली पावती चालली, आमचे शब्द चालले नव्हते.

देणगीदारांबद्दल बोलायचं नाही असं आईचं म्हणणं आहे, पण थोडं बोलतेच. डिसेंबर उजाडला की ब्लँकेटं येत. इतकी येत की एकेकाकडे तीन-तीन जमत आणि जास्तीची स्टेशनबाहेर विकली जात. त्यावरून देणारे रागावत. अरे, पण विचारून तरी आणा. कमी काय पडायचं? टॉवेल, आतले कपडे, चपला, बायकांसाठी पॅड, साबण, नेलकटर. नेलकटर कुणीच आणत नाही. वाढदिवस साजरे करायला घरची मंडळी केक घेऊन येत आणि रांगेतल्या माणसांबरोबर फोटो काढत. आईने काकांकडे हट्ट धरून फोटो बंद करवले. त्यावर एका कुटुंबाने आणलेली भांडी तशीच परत नेली. त्यातली मुलगी माझ्याच वर्गातली होती, आणि पुढचे काही दिवस आम्ही शाळेत एकमेकींकडे बघतही नव्हतो.

दहावीच्या सुट्टीनंतरच्या हिवाळ्यात आई-बाबांनी मला पहिल्यांदा रात्रीच्या पाहणीला नेलं. संस्थेची माणसं रस्त्यावर झोपलेल्यांना भेटून निवाऱ्यात या म्हणून सांगायची. आमच्या शाळेतल्या एका बाई २०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, अशाच बेघरांच्या गणतीला गेल्या होत्या. देशभरात त्या गणतीत साधारण १७ लाख ७० हजार माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात २ लाखांवर. बाई सांगायच्या, पूल, फलाट, देवळं करता करता पहाट होते आणि ज्यांना मोजलं नाही ते कुठे होते हे तुम्हाला कळतही नाही.

मला वाटलं होतं, थंडी आहे, छप्पर आहे, माणसं उठून येतील. फार थोडी आली. नाही म्हणण्याची कारणं मी घरी येऊन लिहून काढली, सवयच लागली होती. हातगाडी सोडून आलो तर सकाळी ती नसेल. मुकादम पहाटे इथेच गाडी घेऊन येतो, तिकडे झोपलो तर काम जाईल. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला, आणि पोरगं कुणाकडे? कुत्रा आत घेत नाहीत. प्यायल्यावर आत घेत नाहीत. आणि एक कारण जवळजवळ सगळे सांगायचे: "आत घेऊन कोंडलंत तर?" ही भीती उगाच नव्हती. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने पोलिसांना वॉरंटशिवाय उचलता येतं आणि दोषी ठरवलं की एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. भीक न मागणारे, नुसते फाटक्या कपड्यांत झोपलेले लोकही भिक्षेकरी पकडणाऱ्या गाडीत बसून आलेले होते. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण ती दिल्लीपुरतीच. आमच्याकडे लोक त्या गाडीला घाबरत राहिले, आणि निवाऱ्याची चारचाकी तिच्यासारखीच दिसायची. बाबांनी सुचवलं की पाहणीला चालतच जाऊ. त्यानंतर बोलणी जरा लांबायला लागली.

निवाऱ्याचं ओळखपत्र खिशात असलं तर त्या गाडीवाल्यांशी बोलता यायचं. पण त्याच्या पुढचा कागद म्हणजे आधार, आणि तिथे बाबा खरे कामाला आले. ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यासाठी आधारमध्ये परिचयकर्त्याची सोय होती. नेमलेल्या माणसाने 'मी याला ओळखतो' म्हणून सही करायची. पत्ता निवाऱ्याचा. नंदुरबारकडचे एक हमाल मामा नोंदणीच्या रांगेत बसून म्हणायचे, "देशातलं पहिलं आधार आमच्या टेंभलीत दिलं, २०१० ला. आणि मीच कोरडा." त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. पोती वाहून वाहून बोटं गुळगुळीत झालेली. पुन्हा पुन्हा पुसून, थोडं पाणी लावून कसेबसे घेतले आणि डोळ्यांच्या स्कॅनवर भिस्त ठेवली.

कार्ड पोस्टानेच येतं. माणूस मिळाला नाही की पत्र परत जातं, तसा नियमच आहे, आणि आमची माणसं दिवसा कधीच जागेवर नसायची. बाबांनी त्या भागाच्या पोस्टमनना निवाऱ्यात आणून जेवायला बसवलं. रजिस्टर दाखवलं, वही दाखवली, काकांची सही दाखवली. ज्याच्या नावाने पत्र येईल ते त्याच्यासाठी काकांकडे ठेवायचं असं ठरलं. पोस्टमन म्हणाले, "लेखी द्या." काकांनी प्रत्येकाकडून अंगठा घेऊन लेखी दिलं. हमाल मामांचं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते वाचून दाखवायला लावलं, फक्त पत्त्याच्या ओळी, आणि मग परत एकदा.

शेवटचं मोठं काम मतदार यादीचं. २०१८ मध्ये मला अठरा पूर्ण झाली, मी माझा फॉर्म ६ भरत होते, तेव्हा काका म्हणाले, "एक गठ्ठाच आण." बेघर माणसाला राहत्या जागेचा कागदी पुरावा मागत नाहीत. तो जिथे झोपतो ती जागा फॉर्मवर लिहायची, आणि बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री. आमच्या भागाच्या बीएलओ म्हणजे एक प्राथमिक शिक्षिका. त्यांना हा नियम काकांनी छापील दाखवेपर्यंत खरा वाटला नाही. मग त्या रात्री दहाला यजमानांच्या स्कूटरवर बसून आल्या. वर्गाच्या भिंतीवरचे पाढे बघून त्यांनी आधी एका सतराच्या पाढ्यातली चूक काढली, आणि मगच यादी हातात घेतली.

लग्नात वाढायला जाणारे एक मामा पहिल्या रात्री कामावर होते. दुसऱ्या रात्रीही. बाई वैतागल्या. मामांना निरोप गेला की परत येतील तेव्हा जागेवर असा, नाहीतर नाव कटेल. पुढच्या खेपेला मामा धुतलेला पांढरा शर्ट, वाढपाचा काळा बो, सगळं घालून गादीवर ताठ बसले होते. बाई म्हणाल्या, "मामा, झोपलेलं पाहायचंय मला." मामा तसेच बो सकट आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "लिहा."

माझं नाव यादीत आलं त्यात काही विशेष नव्हतं. मामांचंही आलं. पण २०१९ ची लोकसभा एप्रिलमध्ये, भर लग्नसराईत आली. मतदानाच्या दिवशी ते ठेकेदाराबरोबर सुरतेला होते, आणि हमाल मामांनी मात्र सकाळी सातला जाऊन पहिल्या दहांत नंबर लावला. त्यानंतर माझं शिक्षण दुसऱ्या शहरात गेलं. बाबा निवृत्त झाले आणि आता रविवारी नाही, रोज संध्याकाळी सातला जातात. २०१९ च्याच विधानसभेचं मतदान ऑक्टोबरमध्ये होतं. तेव्हा मुहूर्त नसतात, त्यामुळे वाढपी मामा जागेवर होते.